अडकित्त्यामागची सुपारी

माझ्याकडे काचेची एक प्लेट आहे. पोस्टकार्डापेक्षा थोडी लहान, करडी, एका कोपऱ्याचा तुकडा उडालेली. नुसती हातात धरली तर काजळी धरलेली काच वाटते. तिच्यावर तिरपा लाल लेझर टाकला की काचेपलीकडे माझ्या आजीचा पितळी अडकित्ता दिसतो. मान डावीकडे नेली की पात्यावरची चकाकी सरकते. उजवीकडे झुकलं की दांड्यामागे लपलेली सुपारी हळूच बाहेर येते. काच बाजूला करून बघावं, तर टेबल रिकामं.

ही प्लेट मी १९८८ साली केली, एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. आमचं कॉलेज एसटी स्टँडाला लागून होतं आणि तीच खरी अडचण होती. होलोग्राम घेताना लेझरचा झोत दोन भागांत फोडतात. एक भाग वस्तूवर आदळून प्लेटवर येतो, दुसरा सरळ प्लेटवर येतो. दोन्ही झोत जिथे भेटतात तिथे उजेड-अंधाराच्या अतिबारीक रेघा उमटतात. यालाच व्यतिकरण म्हणतात. प्लेट उघडी असताना, म्हणजे चार-पाच सेकंद, कुठलीही गोष्ट लेझरच्या तरंगलांबीच्या पाव हिश्श्याइतकी जरी हलली तरी रेघा पुसल्या जातात. आमच्या हेलियम-निऑन लेझरची तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर, म्हणजे मुभा एका मायक्रॉनच्या सहाव्या भागाएवढी. डोक्यावरचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो. आम्ही तळमजल्यावर लाकडी पेटीत चाळलेली वाळू भरली, पेटीखाली स्कूटरच्या हवा भरलेल्या ट्यूबा ठेवल्या, पंखे बंद केले, श्वास रोखून धरला. तरी चार रात्री चार प्लेटा कोऱ्या निघाल्या. पाचव्या रात्री प्रयोगशाळेचा शिपाई म्हणाला, "सर, मुक्कामी गाड्या पहाटे पाचला सुटतात, ड्रायव्हर पावणेपाचपासून इंजिन तापवतात. तुम्ही साडेतीनला उरका." साडेतीनला उरकलं. डेव्हलपरमधून काढून, धुऊन, वाळवून प्लेट लेझरसमोर धरली आणि सुपारी दिसली. आजीला अडकित्ता परत नेऊन दिला तेव्हा तिने ती सुपारी माझ्यादेखत कातरून तोंडात टाकली. प्लेटमधली सुपारी मात्र शाबूत आहे.

अशी प्लेट सेकंदाला तीस वेळा बदलता येईल का? आणि तेही सामान्य घराला परवडेल अशा किमतीत? या दोन प्रश्नांवर हे पुस्तक आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर १९९०च्या सुमारास अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेने 'हो' असं दिलं. दुसऱ्याचं उत्तर अजून लिहिलं जातंय.

त्याआधी थोडी झाडलोट करावी लागेल, कारण 'होलोग्राम' हा शब्द आपल्याकडे पार सैल झाला आहे. माझ्या लहानपणी जत्रेत एक तंबू असायचा. आत बाईचं मुंडकं आणि खाली नागिणीचं अंग. चाराणे देऊन आत जायचं, मुंडकं आपलं नाव विचारायचं, आपण घाबरून बाहेर यायचं. कमाल सगळी तिरप्या आरशाची. याच जातीची करामत लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी १८६२ साली रंगमंचावर आणली. प्रेक्षक आणि नट यांच्यात मोठी तिरकी काच ठेवायची आणि खाली खड्ड्यात उजेडात उभ्या केलेल्या माणसाचं प्रतिबिंब काचेत भुतासारखं उभं करायचं. २०१२ साली अमेरिकेत कोचेला महोत्सवात तुपाक शकुर हा दिवंगत रॅपर 'होलोग्राम' म्हणून गायला. २०१४च्या निवडणुकीत नरेंद्र मोदींची भाषणं अशाच 'होलोग्राम'ने एकाच वेळी अनेक गावांत झाली. दोन्ही ठिकाणी काचेऐवजी पातळ पारदर्शक पडदा होता, बाकी सगळं पेपरचंच. करमणूक म्हणून माझी काहीच तक्रार नाही. पण त्या पडद्यावरचं चित्र सपाट असतं. तुम्ही मंडपाच्या उजव्या टोकाला जाऊन बसलात तरी वक्त्याच्या पाठीमागची सुपारी तुम्हाला दिसणार नाही.

गॉगल घालून बघायचा थ्रीडी सिनेमा ही तिसरीच गोष्ट. 'माय डिअर कुट्टिचातन' हा मल्याळी चित्रपट १९८४चा, पुढे हिंदीत 'छोटा चेतन' झाला. भाला अंगावर आला की अख्खं थिएटर मागे सरकायचं. तिथे दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं मिळतात, मेंदू त्यांतून खोली रचतो. पण डोळ्याचं भिंग पडद्यावरच जुळलेलं राहतं आणि दोन्ही बुबुळं मात्र जवळच्या भाल्याकडे वळतात. डोळ्यांची ही आपापसातली ओढाताण म्हणजे सिनेमानंतरची डोकेदुखी. होलोग्राममध्ये असं होत नाही, कारण तिथे फसवणूकच नसते. खऱ्या अडकित्त्यावरून जशा लाटा निघाल्या असत्या तशाच लाटा प्लेटमधून निघतात. जवळचं बघायला भिंग फुगतं, लांबचं बघायला सपाट होतं, आणि डोळ्याला तक्रारीला जागाच राहत नाही.

ही कल्पना डेनिस गाबोर यांची. बुडापेस्टमध्ये जन्मलेला हा इंजिनिअर १९४७ साली इंग्लंडच्या रग्बी गावात एका विद्युत कंपनीत नोकरीला होता. ईस्टरच्या सुट्टीत टेनिस कोर्टाच्या कडेला बाकावर बसून खेळायची पाळी येण्याची वाट बघताना त्यांना ती सुचली. त्यांना टीव्ही नको होता, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची धूसर चित्रं सुधारायची होती. फोटोत फक्त उजेड किती ते नोंदलं जातं, लाट कुठल्या टप्प्यावर आहे ते हरवतं. ते हरवलेलं परत मिळवायचं, म्हणून ग्रीक 'होलोस', म्हणजे संपूर्ण. लेझर तेव्हा नव्हता. पाऱ्याच्या दिव्यावर कसंबसं काम भागवलं आणि विषय थंड पडला. १९६०मध्ये लेझर आला. त्यानंतर मिशिगनमध्ये रडारवर काम करणारे एमेट लीथ आणि युरिस उपात्निएक्स यांनी झोत तिरपा टाकायची युक्ती काढली, तीच आम्ही एसटी स्टँडाशेजारी वापरली. तिकडे लेनिनग्राडमध्ये युरी डेनिस्युक यांनी साध्या दिव्यातही दिसेल अशी दुसरी वाट शोधली. लीथ-उपात्निएक्स यांनी १९६४ साली खेळण्यातल्या आगगाडीचा होलोग्राम शास्त्रज्ञांच्या सभेत मांडला तेव्हा बघायला रांग लागली. १९७१मध्ये गाबोर यांना नोबेल मिळालं.

इथे एका लोकप्रिय समजुतीचा हिशेब चुकता करतो. 'होलोग्रामचा तुकडा केला तरी त्यात पूर्ण चित्र असतं' हे वाक्य अध्यात्माच्या व्याख्यानांत फार चालतं. माझ्या प्लेटचा उजवा कोपरा घर बदलताना उडाला. तो तुकडा मी जपून ठेवलाय. त्यातून अडकित्ता पूर्ण दिसतो, सुपारीही दिसते. पण चित्र थोडं भरड, आणि मान हलवायला जागाच नाही, किल्लीच्या भोकातून बघावं तसं. डावा कोपरा उडाला असता तर त्या तुकड्यात अडकित्ता मिळाला असता, सुपारी नाही. होलोग्राम म्हणजे खिडकी. खिडकीचा तुकडा म्हणजे लहान खिडकी. टीव्हीवाल्यांची सगळी झोंबाझोंबी या एका गोष्टीशी चाललेली आहे.

ती कशी, ते एका गणितात सांगतो. गणिताचा कंटाळा असलेल्यांनी पुढची प्रकरणं खुशाल चाळावीत, पण हे एवढं गणित वगळू नये. घरातल्या ४३ इंची ४के टीव्हीवर दोन ठिपक्यांमधलं अंतर साधारण पाव मिलिमीटर असतं आणि एकूण ठिपके ८३ लाखांच्या आसपास. होलोग्रामच्या रेघा मात्र मिलिमीटरला हजाराच्या घरात हव्यात. हिरवा उजेड बाजूला तीस अंश वळवायचा तर रेघांमधलं अंतर एक मायक्रॉनच्या आसपास ठेवावं लागतं, आणि दर रेघेला किमान दोन ठिपके. म्हणजे ठिपका अर्ध्या मायक्रॉनचा. आता ५० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच असा अगदी माफक पडदा घ्या. आडवे १० लाख ठिपके, उभे ६ लाख. गुणाकार ६०,००० कोटी. एकाच चित्राला ७०,०००पेक्षा जास्त ४के पडद्यांइतके ठिपके, आणि अशी चित्रं सेकंदाला तीस. ठिपके मोठे केले तर बघण्याचा कोन आवळतो, पडदा लहान केला तर खिडकी आवळते. सुपारी दिसायला हवी आणि पडदा हातभर हवा, तर या आकड्यातून सुटका नाही.

या आकड्यापुढे दोन प्रकारची माणसं उभी राहतात. पहिली म्हणतात, यंत्रं आणखी वेगवान होऊ द्या, मग बघू. दुसरी विचारतात, यातलं आपल्याला नक्की काय नकोय? या विषयाचा इतिहास मला दुसऱ्या प्रकारच्या माणसांचा वाटतो. स्वस्त होणं ही इथे शेवटची पायरी नाहीच. तंत्र घडलंच मुळी काटकसरीतून.

पहिला काटकसरी म्हणजे स्टीफन बेंटन. पोलरॉइड कंपनीत असताना १९६८मध्ये त्यांनी इंद्रधनुषी होलोग्राम शोधला. माणसाचे डोळे शेजारी-शेजारी असतात, एकावर एक नसतात. मग वर-खाली मान केल्यावर दिसणारा फरक टाकून दिला तर बिघडलं काय? तो टाकला आणि होलोग्राम साध्या उजेडात दिसू लागला. आपल्या जुन्या मतदार ओळखपत्रावरचा किंवा क्रेडिट कार्डावरचा चकचकीत स्टिकर हे त्याचंच वंशज. पुढे बेंटन एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये गेले आणि तीच काटकसर त्यांनी टीव्हीला लावली. वरच्या गणितात उभे ६ लाख ठिपके होते, त्यांच्या जागी नेहमीच्या टीव्हीसारख्या ५०० ओळी ठेवा. ६०,००० कोटींचे ५० कोटी होतात. बाराशे पटींनी बोजा उतरला. किंमत एवढीच की मान उंचावून अडकित्त्यावरून सुपारी बघायला गेलात तर ती दिसणार नाही. मला विचाराल तर सौदा उत्तम.

बेंटन यांच्या गटाचं पहिलं यंत्र, मार्क १, १९९०च्या सुमारास चाललं. चित्र काड्यापेटीत मावेल एवढं. त्यात ठिपके असलेला पडदाच नव्हता. टेल्युरियम डायऑक्साइडच्या स्फटिकात वरून अश्राव्य ध्वनी सोडायचा. ध्वनीच्या लाटा स्फटिकात दाट-विरळ पट्टे उमटवतात आणि लेझरच्या दृष्टीने ते पट्टे म्हणजेच होलोग्रामच्या रेघा. पण ध्वनी थांबत नाही, रेघा धावत राहतात. म्हणून उलट्या दिशेने फिरणारा आरसा त्यांचा पाठलाग करतो आणि डोळ्याला चित्र स्थिर वाटतं. गंमत अशी की ही युक्ती नवी नाही. १९३०च्या दशकात ब्रिटनमध्ये स्कोफोनी नावाची कंपनी टीव्ही विकायला निघाली होती, तिच्या यंत्रात हाच ध्वनी आणि हाच फिरता आरसा होता. पिक्चर ट्यूबने तिला मारलं. साठ वर्षांनी तिचं भूत मीडिया लॅबमध्ये कामाला आलं. मार्क २मध्ये असे अठरा ध्वनिमार्ग समांतर जोडले, तेव्हा चित्र वीतभर रुंद झालं. रेघा मोजायला कनेक्शन मशीन नावाचा महासंगणक लागायचा. खर्चाचं नाव काढायची सोय नव्हती.

या पुस्तकातलं सगळ्यात लांब प्रकरण डॅनियल स्मॉली यांच्यावर आहे. वाचकांना ते लांब वाटेल, मला अजून अपुरं वाटतं. बेंटन २००३मध्ये गेले. लॅबचं काम मायकेल बोव्ह यांनी पुढे नेलं आणि घरात परवडेल असं यंत्र करायचं हे उघड बोलून दाखवलं. त्यांनी महासंगणक काढून टाकला आणि व्हिडिओ गेमच्या ग्राफिक्स कार्डांवर हिशेब आणला. २०११मध्ये तर एक्सबॉक्ससोबत मिळणारा किनेक्ट कॅमेरा लावून हलत्या माणसाचं चित्र तिथल्या तिथे होलोग्राम म्हणून दाखवलं, सेकंदाला पंधरा चित्रं. पण स्फटिक महागच होता. तो स्मॉली या विद्यार्थ्याने बदलला.

त्यांनी घेतलं लिथियम नायोबेट. जुने टीव्ही दुरुस्त केलेल्या कारागिराला हे नाव ठाऊक नसेल, पण वस्तू ठाऊक आहे. रंगीत टीव्हीच्या सर्किटमध्ये पाच पायांचा एक चपटा 'सॉ फिल्टर' असायचा. स्टेशनचे सिग्नल एकमेकांत मिसळू नयेत म्हणून त्याच्या पृष्ठभागावरून ध्वनीची लाट धावायची, आणि तो पृष्ठभाग बऱ्याचदा याच स्फटिकाचा असायचा. म्हणजे पदार्थ घाऊक बनणारा, करायची पद्धत जगभर माहीत असलेली. स्मॉली यांनी स्फटिकाच्या पृष्ठभागालगत प्रकाशासाठी एक उथळ पाट खणला. 'खणला' हा शब्द माझा. प्रत्यक्षात वितळलेल्या बेंझोइक आम्लात स्फटिक बुडवतात, त्यातले काही अणू बदलले जातात आणि प्रकाश त्या पट्ट्यातूनच वाहू लागतो. याच आम्लाचं मीठ आपण लोणच्याच्या बाटलीवर सोडियम बेंझोएट म्हणून वाचतो. वर ॲल्युमिनियमच्या बारीक दातांची एक फणी बसवली की ध्वनीची सोय झाली. ध्वनी पाटातल्या प्रकाशाला भेटतो आणि हवा तेवढा प्रकाश हव्या त्या कोनात बाहेर उसळतो.

पुढच्या दोन गोष्टी वाचून मी खुर्चीतून उठलो होतो. बाहेर पडताना प्रकाशाचं ध्रुवीकरण नव्वद अंशांनी फिरतं, म्हणून समोर साधी ध्रुवक पट्टी धरली की नको असलेला उजेड गाळला जातो. आणि लाल, हिरवा, निळा हे तिन्ही रंग एकाच पाटात एकाच वेळी सोडता येतात, कारण प्रत्येक रंग ध्वनीच्या वेगळ्या कंप्रतेला प्रतिसाद देतो. तीन वेगळी यंत्रं जुळवत बसायची गरजच संपली. विद्यापीठातल्या सामग्रीवर अशी एक चिप करायला सुमारे १० डॉलर लागले. अख्ख्या नमुना यंत्राचा खर्च ५०० डॉलरच्या आत बसला. जून २०१३मध्ये 'नेचर'मध्ये हे छापून आलं तेव्हा स्मॉली पीएचडीचे विद्यार्थी होते.

मग बारा वर्षं उलटून गेली, टीव्ही कुठे आहे? हा प्रश्न मला प्रत्येक व्याख्यानानंतर कुणीतरी विचारतं, बहुधा शेवटच्या रांगेतून. चिप स्वस्त झाली, पण वीतभर चित्राचं भिंतभर चित्र करायला अशा शेकडो पाटांची समांतर शिस्त लावावी लागते. फिरते आरसे घरात नकोत, ते आवाज करतात आणि झिजतात. लेझरच्या उजेडात चित्रावर रवाळ ठिपके पडतात. यांतला एकही अडथळा निसर्गनियमाचा नाही, सगळे कारागिरीचे आहेत. पण कारागिरीला पैसा लागतो आणि पैशाने दरम्यान दुसरी वाट धरली.

ती वाट नजरेच्या पाठलागाची. जर्मनीत ड्रेस्डेनच्या सीरियल कंपनीने विचारलं, खोलीभर लाटा पसरायच्याच कशाला? बघणाऱ्याच्या बाहुल्या जिथे आहेत तेवढ्याच जागेत योग्य लाट पोचली की झालं. कॅमेऱ्याने डोळे शोधायचे, तेवढ्यापुरत्या रेघा मोजायच्या, बाकी सगळं सोडून द्यायचं. सॅमसंगच्या संशोधकांनी २०२०मध्ये याच तत्त्वावर एक सडपातळ पडदा करून दाखवला. २०२१मध्ये एमआयटीतल्याच लियांग शी आणि सहकाऱ्यांनी रेघा मोजायचं काम कृत्रिम न्यूरल जाळ्याला शिकवलं आणि जो हिशेब महासंगणकाचा होता तो मोबाइल फोनवर आणला. एक मेगाबाइटपेक्षा कमी मेमरीत.

हुशारी वादातीत. पण इथे माझं मत जरा वेगळं पडतं आणि ते लपवून प्रस्तावना लिहिणं बरं नव्हे. डोळे शोधणारं यंत्र एका माणसासाठी स्वस्त असतं. दुसरा माणूस शेजारी बसला की काम दुप्पट, तिसरा बसला की तिप्पट. हे तंत्र एकट्याने बघण्याच्या संस्कृतीतून आलंय, चष्म्यात किंवा मोटारीच्या काचेवर ते शोभतं. मला मात्र १९८७ची रविवार सकाळ आठवते. आमच्या चाळीत तीन टीव्ही आणि 'रामायण'. सतरंजीवर पोरं, खाटेवर म्हातारे, दारात बायका, खिडकीच्या गजांना धरून वरच्या मजल्यावरचे. त्या खोलीत डोळ्यांच्या किती जोड्या होत्या? सपाट टीव्हीचा मोठा गुण हाच की एका डोळ्याला दाखवायला जेवढा खर्च तेवढाच चाळीसांना. भिंतभर खिडकी उघडणारा बेंटन-स्मॉली यांचा मार्ग लांबचा आहे, पण तो खोलीभर माणसं धरून चालतो. म्हणून 'स्वस्त' या शब्दापुढे 'किती जणांसाठी' हा प्रश्न मी पुस्तकभर विचारत राहिलो आहे.

स्मॉली यांचं पुढचं काम मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण त्यावरून गैरसमज होतात. 'स्टार वॉर्स'मधली राजकन्या लेया हवेत उभी राहते, चहूबाजूंनी दिसते. तसं होलोग्रामला कधीच जमणार नाही. होलोग्राम बघताना नजरेच्या रेषेत मागे किंवा पुढे पडदा असावाच लागतो, कारण लाटा तिथूनच येतात. ब्रिगहॅम यंग विद्यापीठात गेल्यावर स्मॉली यांनी हे ओळखून होलोग्राम सोडला आणि सेल्युलोजचा एक कण लेझरने हवेत पकडून झरझर फिरवला, त्यावर रंगीत उजेड टाकला. २०१८मध्ये ते 'नेचर'मध्ये आलं. बोटाएवढी चित्रं, पण खरोखर हवेत. लेयाच्या जवळ जाणारं यंत्र हे आहे, आणि ते होलोग्राम नाही.

पुस्तकाच्या भाषेबद्दल दोन शब्द. व्यतिकरण, विवर्तन, तरंगलांबी हे शाळेत भेटलेले शब्द तसेच ठेवलेत. पिक्सेलला ठिपका म्हटलंय, कारण तो ठिपकाच असतो. लेझर, चिप, स्फटिक यांना जबरदस्तीने नवी नावं दिलेली नाहीत. आकृत्या माझ्या हातच्या आहेत, त्यामुळे त्यांतला अडकित्ता कधी कधी पक्कडीसारखा दिसेल.

शेवटच्या प्रकरणात घरी प्लेट करायची कृती दिली आहे. हल्ली पेनाएवढ्या लेझरवर आणि धुवावी न लागणाऱ्या फिल्मवर काम होतं, वाळूची पेटी मात्र तीच. वस्तू टणक घ्या, चकचकीत घ्या, तिच्यामागे काहीतरी लपवा. घर रस्त्याला लागून असेल, तर मुक्कामी गाड्या किती वाजता सुटतात ते आधी डेपोत विचारून या.